लिंक्डइनवर माणूस शोधताना: पिवळ्या चौकटीतल्या चुका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत मागच्या बुधवारी लिंक्डइनवर, म्हणजे नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जोडून देणाऱ्या साइटवर, माणसं कशी शोधावीत यावर अर्धं पान आलं होतं. लेख ठीक होता. त्याच्या शेजारच्या, शोधाच्या युक्त्या देणाऱ्या पिवळ्या चौकटीबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण ती चौकट कापून आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या फलकावर लावलेली मी परवा पाहिली. दोन मुली मोबाइलवर तिचा फोटो काढत होत्या. त्या चौकटीत तीन गोष्टी सरळ चुकीच्या आहेत. चौथी चुकीची नाही, पण मुलांना भलत्याच दाराशी नेऊन उभी करणारी आहे.

मी हे सांगणारी कोण, ते आधी सांगते. 31 वर्षं मी ग्रंथपाल होते, 2018 मध्ये निवृत्त झाले. निम्मी नोकरी कॅटलॉग कार्डांच्या लाकडी खणांपुढे गेली, उरलेली संगणकापुढे. लिंक्डइनशी गाठ पडली ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीमुळे. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, शिवाजी विद्यापीठ, गुण चांगले, आणि आठ महिने घरात. रोज रात्री जेवणं झाली की ही मुलगी शोधखिडकीत ‘एचआर’ (कंपनीत नोकरभरती बघणारा विभाग) हा शब्द टाकायची आणि दिसेल त्याला रिक्वेस्ट, म्हणजे ओळख जोडायची विनंती, पाठवायची. सोबत एकच मजकूर: ‘रिस्पेक्टेड सर, कोणतीही नोकरी असेल तर कळवा.’ एकदा पापड वाळत घालायला गच्चीवर गेले तेव्हा म्हणाली, “काकू, दीडशे जणांना पाठवली. चौघांनी घेतली. उत्तर एकाचंही नाही.”

त्या रात्रीपासून तिच्या लॅपटॉपपुढे दोन खुर्च्या लागल्या.

आता चौकटीकडे वळते. शब्दाचा शेवट आठवत नसेल तर तारा (*) काढा, म्हणजे त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द सापडतील, असं तुम्ही छापलंय. ग्रंथालयांच्या संगणकीय कॅटलॉगमध्ये ही सोय बऱ्याच ठिकाणी असते, लिंक्डइनवर नाही. तिथे शब्द पूर्णच लिहावा लागतो. दुसरं, ‘ऑर’ (हे किंवा ते) आणि ‘नॉट’ (हे वगळून) हे जोडशब्द तुम्ही इंग्रजी लहान लिपीत छापलेत. ते कॅपिटलमध्येच लिहायचे, नाहीतर ते सूचना म्हणून धरले जात नाहीत. ‘अँड’ तर लिहायची गरजच नाही, दोन शब्द शेजारी ठेवले की दोन्ही असलेलीच माणसं येतात. तिसरी चूक तुमच्या छपाईतली आहे आणि तीच सर्वांत खोडसाळ. शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचा, हे बरोबर. पण तुमच्या चौकटीत ती चिन्हं छापील पद्धतीची, वळणदार आहेत. लिंक्डइनला सरळ उभी चिन्हं लागतात, कीबोर्डवर असतात तशी. मुलं मजकूर व्हॉट्सअॅपवरून उचलतात आणि जसाच्या तसा चिकटवतात. मग काही नीट येत नाही आणि दोष साइटला मिळतो.

या झाल्या दुरुस्त्या. ज्या मुद्द्यासाठी पत्र लिहायला बसले तो वेगळा आहे.

ग्रंथालयात वाचक वेगळं नाव घेऊन आला तरी त्याला पुस्तक मिळतं, कारण आम्ही आधीच ‘पाहा’ नोंद करून ठेवलेली असते. ‘शिरवाडकर, विष्णु वामन’ असं कार्ड काढलं की त्यावर लिहिलेलं असतं: पाहा, कुसुमाग्रज. एकाच माणसाची दोन नावं, दोन्हीकडून वाट एकाच कपाटाशी. लिंक्डइनवर अशी कार्डं लिहायला कोणी बसलेलं नाही. माणसाने स्वतःला जे म्हटलं, ज्या स्पेलिंगने म्हटलं, बहुतेक तेवढंच तिथे सापडतं. त्यामुळे शोधणाऱ्याला दोन कामं करावी लागतात, वाचकाचं आणि ग्रंथपालाचंही.

आमच्या मुलीने पहिल्यांदा ‘मायक्रोबायोलॉजिस्ट’ आणि ‘पुणे’ असं टाकलं. हजारांनी नावं आली. दहा-दहाच्या पानांनी बघत गेलं तरी साइट हजारापुढचं दाखवतच नाही, तेव्हा त्या मोठ्या आकड्याला काही अर्थ नसतो. शिवाय आलेल्यांत निम्मे प्राध्यापक, काही विमा विकणारे. त्यांनी कधीकाळी मायक्रोबायोलॉजी केलं होतं, एवढाच संबंध. तिला विचारलं, “तुला नेमकं कुठलं काम हवंय?” म्हणाली, औषध कंपनीच्या लॅबमध्ये. “मग तिथे ते काम करणारा माणूस स्वतःला काय म्हणवतो?” तिला माहीत नव्हतं. मला कुठून माहीत असणार!

मग आम्ही वही घेतली. औषध कंपन्यांत काम करणाऱ्यांची दहा प्रोफाइल उघडली आणि नावाखालच्या ओळीत कोणी काय लिहिलंय ते उतरवून काढलं. नुसतं ‘मायक्रोबायोलॉजिस्ट’ म्हणवणारे दोघंच निघाले. बाकीच्यांत कोणी ‘क्यूसी मायक्रो’ (क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल, गुणवत्ता तपासणारा विभाग), कोणी ‘ऑफिसर, क्वालिटी कंट्रोल’, कोणी ‘एक्झिक्युटिव्ह, मायक्रोबायोलॉजी’. कामाच्या वर्णनात ‘एन्व्हायर्नमेंटल मॉनिटरिंग’, ‘स्टेरिलिटी टेस्टिंग’, ‘बायोबर्डन’ असे शब्द पुन्हा पुन्हा दिसत होते. हे तिने प्रॅक्टिकलला केलेलं होतं, फक्त माणूस शोधताना हे शब्द वापरायचे असतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही ‘मायक्रोबायोलॉजी’ लिहून पुढे कंसात ‘क्यूसी’ ऑर अवतरणातलं ‘क्वालिटी कंट्रोल’ टाकलं, आणि शेवटी नॉट ‘प्रोफेसर’. शब्द अर्थात इंग्रजीत. यादी एकदम आटोपशीर झाली आणि तिच्यातली बहुतेक माणसं खरोखर लॅबमधली होती.

यात एक बारीक फरक आहे. वरच्या खिडकीत टाकलेला शब्द प्रोफाइलभर कुठेही शोधला जातो. ‘ऑल फिल्टर्स’ उघडलं की खाली पदनामाचा वेगळा रकाना आहे, तिथे टाकलेला शब्द फक्त पदनामात शोधतात. लेखकाच्या खणात शोधणं आणि विषयाच्या खणात शोधणं यांत असतो तसाच हा फरक. हा रकाना इतका खाली दडवून ठेवलाय की मुलं तिथवर पोचतच नाहीत.

त्याच पानावर ‘सध्याची कंपनी’ आणि ‘पूर्वीची कंपनी’ अशा दोन गाळण्या आहेत. पहिलीकडे सगळे धावतात. दुसरी माझ्या मते अधिक मोलाची, कारण कंपनी सोडून गेलेला माणूस मोकळेपणाने बोलतो. कामाच्या पाळ्या कशा असतात, मुलींना रात्रपाळी असते का, कॅन्टीनचं जेवण खाण्याजोगं आहे का, हे आत बसलेला कशाला सांगेल?

कॉलेजच्या नावाने शोधणं ही सगळ्यांत चांगली वाट, आणि तीच सगळ्यांत खाचखळग्यांची. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या पानावर ‘अॅल्मनाय’ असा भाग असतो. तिथे माजी विद्यार्थी कुठे राहतात, कुठे नोकरी करतात, काय काम करतात हे पट्ट्यांमध्ये मांडलेलं दिसतं आणि वर्षांची मर्यादाही घालता येते. मुलीने तो उघडला आणि दोन मिनिटं काही बोललीच नाही. आपल्या विद्यापीठातून शिकलेली एवढी माणसं औषध कंपन्यांत आहेत, त्यातली बरीचशी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहेत, याची तिला कल्पनाच नव्हती. ती आपली रोज पुणे, पुणे करत होती.

पण हा भाग ज्यांनी शिक्षणसंस्थेचं नाव यादीतून निवडलं त्यांनाच मोजतो. ज्याने ते हाताने लिहिलं आणि पुढे गेला, त्याच्या प्रोफाइलवर संस्थेचं चिन्ह येत नाही आणि तो या गणतीतही येत नाही. आमच्या भाषेत, पुस्तक कपाटात आहे पण दाखल नोंदवहीत नाही. अशांसाठी कॉलेजचं नाव वरच्या खिडकीत शब्द म्हणून टाकून पाहायचं, पूर्ण नावाने एकदा आणि आद्याक्षरांनी एकदा. नावं बदललेली असतात हे आणखी एक. पुणे विद्यापीठ 2014 पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, मुंबईची व्हीजेटीआय 1997 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिलीची वीरमाता जिजाबाई झाली. 2023 पासून औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर आहे, पण आपलं प्रोफाइल दहा वर्षांपूर्वी भरलेल्या माणसाने गावाचं नाव बदलायला लॉगिन केलं असेलच असं नाही. जुनं आणि नवं, दोन्ही नावांनी शोधावं.

माणसांच्या नावांची तर गंमतच आहे. मुलीच्या सरांनी सांगितलं, आपली एक जुनी विद्यार्थिनी गोव्यात आहे, तिला विचार. सरांना ठाऊक होतं ते माहेरचं आडनाव. लग्न झालंय एवढं माहीत, सासरचं आडनाव कोणालाच माहीत नाही. लिंक्डइनवर पूर्वीचं नाव लिहायची सोय आहे, पण ती वापरलेल्या बायका मला तरी फार दिसल्या नाहीत. त्यात मराठी नावांचं इंग्रजी स्पेलिंग. ज्ञानेश्वर कोणी डी-एन-वाय असा लिहितो, कोणी डी-वाय, आणि परप्रांतात वाढलेला असेल तर जी-वाय. वैद्य व्हीने की डब्ल्यूने? लक्ष्मीत के-एस-एच की नुसता एक्स? जाधवांच्या शेवटी पश्चिम महाराष्ट्रात व्ही, तर विदर्भात बरेचदा ओ. आम्ही आडनावाचा नाद सोडला. फक्त पहिलं नाव, त्याची तीन स्पेलिंगं ऑरने जोडून, आणि सोबत विद्यापीठ, गोवा आणि क्यूसी. पहिल्या पानावर सातव्या क्रमांकावर बाई सापडल्या. आडनाव अस्सल कारवारी. फोटो सरांना दाखवला तर म्हणाले, “हीच ती, वर्गात कायम खिडकीपाशी बसायची!”

मध्येच एकदा साइटने हात आखडला. फुकट खात्याला महिन्याला किती शोध घ्यायचे याची मर्यादा असते, ती संपल्याची सूचना आली. पैसे भरा म्हणतात. भरायची गरज नाही. मर्यादा एक तारखेला पुन्हा मोकळी होते आणि विशिष्ट व्यक्तीचं नाव घालून केलेले शोध तिच्यात धरत नाहीत. शिवाय गूगल आहेच. ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून लिंक्डइन डॉट कॉम स्लॅश इन, आणि मग हवे ते शब्द. ज्यांची प्रोफाइल सार्वजनिक आहेत ती सापडतात.

आणखी एक अडचण नवीन मुलांना हमखास येते. नावाच्या जागी नुसतंच ‘लिंक्डइन मेंबर’ दिसतं आणि तिथून पुढे जाता येत नाही. माणूस आपल्या वर्तुळांच्या बाहेरचा आहे असा त्याचा अर्थ. आपल्या थेट ओळखीचे पहिल्या वर्तुळात, त्यांच्या ओळखीचे दुसऱ्या, त्यापुढचे तिसऱ्या. म्हणून अनोळखी साहेबांच्या मागे लागण्याआधी वर्गातली मुलं, दोन वर्षं पुढची मुलं, लॅब असिस्टंट, सर यांना जोडून घ्यावं. आमच्या मुलीकडे दीडशे एचआरना पाठवलेल्या रिक्वेस्ट होत्या, पण स्वतःचे प्रोजेक्ट गाइड यादीत नव्हते! त्यांना आणि वर्गातल्या वीसेक जणांना जोडल्यावर दुसरं वर्तुळ एवढं रुंदावलं की गोव्याच्या बाई आपोआप त्यात आल्या.

आता तुमच्या चौकटीतला चौथा मुद्दा, ‘थेट एचआरशी संपर्क साधा’. एचआरच्या दाराशी रोज रांग असते. क्यूसी लॅबमध्ये चार वर्षं काढलेल्या ऑफिसरच्या दाराशी सहसा कोणी नसतं, आणि आपल्या कॉलेजची पोर दिसली की त्यांना बरं वाटतं. शोधायचं ते या माणसांना. रिक्वेस्टसोबत चिठ्ठी जोडता येते, तिच्यात मोजकीच अक्षरं बसतात आणि फुकट खात्याला अशा चिठ्ठ्या महिन्याला थोड्याच मिळतात, तेव्हा त्या उधळू नयेत. आम्ही बाईंना लिहिलं ते एवढंच: मी अमुक सरांची विद्यार्थिनी, तुमच्यानंतर नऊ वर्षांनी त्याच लॅबमधून बाहेर पडले, फ्रेशरला क्यूसी मायक्रोमध्ये पहिलं वर्षभर काय काम देतात एवढं सांगाल का? नोकरीचा शब्दही नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, रोमन लिपीतलं मराठी: ‘सर अजून ऑटोक्लेव्हच्या शिटीला घाबरतात का गं?’ (ऑटोक्लेव्ह म्हणजे लॅबमधला निर्जंतुकीकरणाचा कुकर.) पुढे मात्र चांगलं पानभर लिहिलेलं होतं.

थोडं विषयांतर होतंय, पण प्रोफाइल पाहण्याबद्दल एक सांगायलाच हवं. तुम्ही कोणाचं पान उघडलं की त्याला ते कळू शकतं, तुमची सेटिंग कशी आहे त्यावर ते अवलंबून. मला हे ठाऊक नव्हतं. मी गंमत म्हणून जुने विद्यार्थी शोधत बसले होते. त्यात एक सापडला, आज पुण्यात एका मोठ्या हुद्द्यावर आहे आणि 1998 मध्ये आमच्याकडून नेलेला सेंद्रिय रसायनाचा जाडा ग्रंथ त्याने अजून परत केलेला नाही. मी नुसतं पान उघडलं आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप: ‘मॅडम, पुस्तक आहे माझ्याकडे.’ ज्यांना हे टाळायचं असेल त्यांनी सेटिंगमध्ये खासगी पद्धत निवडावी, मात्र फुकट खात्यावर मग आपलं पान कोणी पाहिलं तेही आपल्याला दिसत नाही. हल्ली स्थळं बघणारे पालकही मुलाची कंपनी खरी की खोटी हे इथेच तपासतात असं ऐकते. त्यांच्यासाठी ही सूचना विशेष उपयोगाची.

आपण शोधतो तसे आपल्यालाही शोधणारे असतात. आमच्या मुलीला एका ‘रिक्रूटरचा’ निरोप आला, मोठ्या कंपनीचं नाव, लॅबची जागा पक्की, फक्त गणवेश आणि प्रशिक्षणासाठी साडेचार हजार भरा. तिची आई पैसे काढायला निघाली होती. त्याच्या पानावर ‘अबाउट धिस प्रोफाइल’ उघडलं तर खातं तीन आठवड्यांपूर्वीचं. पंधरा वर्षं भरती करतो म्हणणाऱ्या माणसाचं! ओळख पडताळल्याची खूणही नव्हती. तुमच्या अर्ध्या पानात याबद्दल एक ओळ नव्हती, याचं मला वाईट वाटलं.

गोव्याच्या बाईंनी कळवल्यावरून मुलगी पुढच्या शनिवारी एका वॉक-इनला, म्हणजे थेट जाऊन द्यायच्या मुलाखतीला, जाणार आहे. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने मडगाव, तिथून बस. काय होईल ते होईल. तिची आई सोबत जाते म्हणतेय, मुलगी नको म्हणतेय, आणि दोघी मला मध्ये घालतायत.

आपल्या पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी ही विनंती. तोवर फलकावरच्या चौकटीची मी लाल पेनाने दुरुस्ती केली आहे: ताऱ्यावर फुली, ‘ऑर’ आणि ‘नॉट’ कॅपिटलमध्ये, आणि अवतरणचिन्हांच्या शेजारी ‘सरळ!’. विद्यमान ग्रंथपालांची परवानगी घेऊनच.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, सांगली
(नाव छापू नये. पुस्तक अजून यायचं आहे.)